काळी माती, डिझेल आणि साबणपाणी: तेलाने खराब झालेली माती धुण्याची सोलापुरी वाट

ट्रान्सपोर्टचं आवार, गॅरेजची मागची बाजू, जनरेटरची खोली, प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरला लागून असलेली तेलाची टाकी. अशा जागांवर डिझेल, इंजिन ऑइल, फर्नेस ऑइल थोडं थोडं सांडत राहतं आणि काही वर्षांनी खालची माती चिकट, वासाची, पाणी न पिणारी होते. ती उचलून कुठेतरी टाकली की काम झालं असं समजू नका. कायद्याने ते चालत नाही, आणि पुढच्या पावसात तेच तेल दुसऱ्याच्या बोअरकडे निघतं. मातीतलं तेल रसायनाच्या मदतीने सोडवून वेगळं काढता येतं. त्यासाठी साबणासारखी जी द्रव्यं वापरतात त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात.

इंटरनेटवर या विषयाचं बरंच सापडतं, पण त्यातला मोठा भाग वाळूच्या जमिनींवर झालेल्या कामाचा आहे. तीच कृती इथल्या काळ्या मातीवर केली तर हातात न निवळणारा चिखल उरतो. म्हणून हा लेख मातीपासून सुरू होतो. साबण कोणता आणि किती, हे चौथ्या पायरीपर्यंत ठरवायचंच नाही.

तेल मातीला धरून का राहतं, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्या. काचेच्या ग्लासात काळ्या दगडाची एक कोरडी खडी ठेवा, तिच्यावर वापरलेल्या इंजिन ऑइलचा थेंब सोडा आणि हळूच पाणी भरा. थेंब खडीला पसरून चिकटलेलाच राहतो. आता सर्फॅक्टंटच्या द्रावणाचे काही थेंब कडेने सोडा. थेंबाची कड आत सरकू लागते, तो फुगीर होतो, गोळा होतो आणि सुटून वर येतो. पाणी आणि तेल यांच्यातला ताण कमी झाल्यामुळे हे घडतं. सर्फॅक्टंटचं दुसरं कामही आहे. त्याचं प्रमाण एका ठराविक मर्यादेपुढे गेलं की त्याचे रेणू एकत्र येऊन बारीक गोळे करतात. त्या गोळ्यांना मायसेल म्हणतात आणि त्यांच्या पोटात तेल विरघळून राहतं. ज्या प्रमाणाला मायसेल होऊ लागतात त्याला सीएमसी म्हणतात. पुढचा सगळा हिशोब या आकड्याभोवती फिरतो.

पायरी १: कोणती माती धुवायचीच नाही

ताजं पेट्रोल सांडलेली माती ढवळू नका. वाफा पेट घेतात आणि त्यात बेंझीन असतं. ही माती वेगळ्या पद्धतीने, वाफ ओढून साफ करतात.

जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल असेल तर आधी पीसीबीची (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलात सापडणारं विषारी द्रव्य) तपासणी करून घ्या. पीसीबी निघालं तर हे काम तुमच्या आवारात करण्याचं नाही. रंगकामाच्या सांडपाण्याने खराब झालेल्या मातीत रंगासोबत क्षार आणि धातूही असू शकतात, तिथेही ही कृती जशीच्या तशी लागू पडत नाही.

डिझेल, ल्युब ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, फर्नेस ऑइल यांच्यासाठी पुढे वाचा.

पायरी २: तेल कुठपर्यंत गेलंय ते शोधणं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. काळी माती ओली असताना पाणी मुश्किलीने खाली झिरपू देते, त्यामुळे तेल वरच्या वितभर थरातच असेल असा समज होतो. पण एप्रिल-मेमध्ये ह्याच जमिनीला दोन-तीन फूट खोल भेगा पडतात. त्या दिवसांत सांडलेलं डिझेल भेगेतून सरळ खालच्या मुरमापर्यंत पोचतं. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात आणि वरून काहीच दिसत नाही. मधला थर स्वच्छ आणि खालचा मुरूम तेलकट, असं चित्र निघालं तर नवल मानू नका.

म्हणून खड्डे मुरूम लागेपर्यंत घ्या. ०–१५, १५–३०, ३०–६०, ६०–९० सेंटिमीटर असे वेगवेगळे नमुने, आणि काळी माती संपून मुरूम सुरू होतो त्या सांध्याचा एक स्वतंत्र नमुना. खड्ड्याच्या भिंतीवर भेगेची जुनी रेघ दिसली तर तिथली माती वेगळी घ्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटभर गडद पट्टा असणं ही तेल उतरल्याची खूण.

नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाने बंद करून, गच्च भरून, बर्फाच्या पेटीत ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, कारण तेल पिशवीत मुरतं आणि हलके घटक उडून जातात. १४ दिवसांच्या आत प्रयोगशाळेत अर्क काढला गेला पाहिजे. डिझेलसाठी जीसी-एफआयडी (गॅस क्रोमॅटोग्राफ) या यंत्रावर एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन म्हणजे टीपीएच मागा. जड तेलासाठी हेक्झेनमध्ये अर्क काढून वजन करण्याची पद्धत चालते.

त्याच आवाराच्या बाहेरचा, तेल न लागलेल्या त्याच मातीचा एक नमुना न चुकता द्या. मातीतले नैसर्गिक सेंद्रिय पदार्थही हेक्झेनमध्ये थोडे उतरतात. स्वच्छ मातीचा आकडा हाती नसेल तर तेवढं ‘तेल’ काढण्यासाठी तुम्ही विनाकारण साबण ओतत बसाल.

पायरी ३: माती आणि पाणी यांची ओळख

माती धुण्याची पद्धत वाळू, खडी, मुरूम यांच्यासाठी उत्तम आहे. बारीक चिकणकण वाढले की ती झपाट्याने निकामी होते. तेल बारीक कणांवर जास्त बसतं, ते कण सर्फॅक्टंटही ओढून घेतात आणि शिवाय पाण्यात लोंबत राहतात.

७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पाण्याखाली माती धुवून पाहा. वजनाच्या पाव हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी माती चाळणीतून गेली तर धुणं फायद्याचं. निम्म्याच्या आसपास गेली तर आधी बारीक भाग वेगळा काढून जाड भागच धुवायचा. निम्म्याहून जास्त गेली तर धुण्याचा नाद सोडा आणि थेट पायरी ७ पाहा. इथली भारी काळी माती या शेवटच्या गटात पडते, तिच्याखालचा मुरूम बहुतेक वेळा पहिल्या गटात. चाळणी नसेल तर ओल्या मातीची अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा. न तुटता दोन इंचांहून लांब पट्टी निघाली तर ती भारी चिकणमाती.

यातून एक नियम निघतो: उकरतानाच काळी माती आणि मुरूम यांचे ढीग वेगळे ठेवा. जेसीबीवाल्याला हे आधी बजावून सांगा आणि स्वतः तिथे उभे राहा. एकदा दोन्ही मिसळले की धुता आला असता तो मुरूमही हातचा जातो.

जमिनीत नळ्या टाकून, वरून द्रावण सोडून खालून ओढून घेण्याची पद्धतही तुम्ही वाचली असेल. ती झिरपणाऱ्या वाळूच्या थरांची आहे. काळ्या मातीत द्रावण शिरत नाही, शिरलं तर भेगेतून भलतीकडे जातं आणि सुटलेलं तेल सोबत नेतं. मुरूम आणि फुटका काळा दगड असलेल्या जागी तर ते कुठून निघून कोणाच्या विहिरीत जाईल याचा नेम नाही. नवख्याने ती वाट धरू नये.

आता पाणी. सोडियम लॉरिल सल्फेट (पुढे एसएलएस म्हणू) किंवा ऍसिड स्लरीपासून (डिटर्जंटचा आम्लधर्मी कच्चा माल) केलेला साबण, ही दोन्ही ऋणभारी सर्फॅक्टंट. जड पाण्यातला कॅल्शियम त्यांना पकडतो आणि पांढरा साका खाली बसतो. हिशोब करून पाहा. बोअरच्या पाण्याचा जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेला) लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर त्यात ४ मिलिमोल कॅल्शियम धरा. एक कॅल्शियम दोन रेणू पकडतो, म्हणजे ८ मिलिमोल एसएलएस, वजनात लिटरला २.३ ग्रॅम. आणि एसएलएसची सीएमसी नेमकी तेवढीच, २.३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पहिले सव्वादोन ग्रॅम तेलाला हात न लावताच संपू शकतात. प्रत्यक्षात सगळंच पकडलं जात नाही, पण धुणं का बिघडलं याचं कारण शोधताना पहिलं बोट इथे ठेवा.

जडपणा तपासायचा किट स्वस्तात मिळतो. उपाय तीन: साठवलेलं पावसाचं पाणी, सॉफ्टनरमधून काढलेलं पाणी, किंवा धुण्याचा सोडा (सोडा ॲश). ४०० मिलिग्रॅम जडपणा सगळा कॅल्शियमचा धरला तर १,००० लिटरला साधारण ४२५ ग्रॅम सोडा ॲश लागतो. टाकून ढवळा, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या.

पाणी मऊ केलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. इथल्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि मातीच्या कणांवरही कॅल्शियम बसलेला असतो. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर माती फसफसली तर चुना आहे. अशा मातीत नुसत्या ऋणभारी साबणावर विसंबू नका.

पायरी ४: द्रव्य निवडणं

*ट्वीन ८०*, म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. भाररहित, जड पाण्याची फिकीर नाही, खाद्यपदार्थांतही वापरतात, जिवाणू त्याला हळूहळू खाऊन टाकतात. सीएमसी लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅम. तोटा असा की चिकणमाती त्याला शोषून घेते. मुरमासाठी सुरुवात यानेच करा.

*एसएलएस.* चिकणमातीला कमी चिकटतं, तेल झटकन सोडवतं. दोष वर सांगितला. दुसरा दोष थंडीचा: द्रावण साधारण १६ अंशांखाली गेलं की स्फटिक होऊन तळाशी बसतं. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरची पहाट तेवढी थंड होते. रात्री बाहेर ठेवलेल्या ड्रममध्ये सकाळी पांढरा गाळ दिसला तर माल खराब झालेला नाही. उन्हात ठेवून ढवळला की परत विरघळतो.

*दोघांचं मिश्रण.* ट्वीन तीन भाग आणि एसएलएस एक भाग घेऊन पाहा. मिश्रणात कॅल्शियमने होणारा साका कमी होतो आणि ट्वीनचं मातीवर बसणंही घटतं. चुनखडीच्या मुरमासाठी आमचा कौल याला.

*रिठा.* टरफलं भिजवून काढलेल्या अर्कात सॅपोनिन असतं, तेही सर्फॅक्टंटच. काम करतं, पण प्रत्येक वेळी अर्काची ताकद वेगळी येते आणि तपकिरी रंगामुळे पाण्यात तेल किती आलं ते कळत नाही. कॉलेजच्या प्रकल्पाला छान, टनावारी कामाला अवघड.

काय वापरू नये, याची यादी सोलापुरात थोडी वेगळी करावी लागते, कारण चादरी आणि टॉवेलच्या धंद्यामुळे इथे कापड प्रक्रियेची रसायनं सहज मिळतात आणि दुकानदार आपुलकीने तीच पुढे करतो.

कापडाला मऊपणा देणारं सॉफ्टनर बहुधा धनभारी असतं. मातीचे कण ऋणभारी. ते कणांना घट्ट चिकटतं आणि स्वतःबरोबर तेलालाही मातीत डांबून ठेवतं, म्हणजे नेमकं उलटं काम होतं. वेटिंग एजंट किंवा स्कोअरिंग एजंट घेताना ‘एनपी बेस आहे का’ असं विचाराच. एनपी ९.५ नावाने मिळणारा माल नॉनिलफिनॉलपासून केलेला असतो. तो विघटित होऊन नॉनिलफिनॉल उरतं आणि ते जलचरांच्या संप्रेरकांत गोंधळ घालतं. एक प्रदूषक काढून दुसरा टाकण्यात अर्थ नाही. घरगुती डिटर्जंट पावडरीत भरणा, सुगंध, चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे प्रमाणाचा हिशोबच बसत नाही. काळं फिनाईल कोळशाच्या डांबरापासून बनतं, म्हणजे ते स्वतःच प्रदूषक. आणि गॅरेजमध्ये हात धुतात तसं रॉकेल मातीवर ओतणं तर साफ चूक.

पायरी ५: बरणीतली चाचणी

ही पायरी टाळून कोणीही बॅरल विकत घेऊ नये. लागणारं सामान:

- अर्धा लिटरच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या, किमान १८
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, २०० मिलिलिटरचा मोजपात्र
- २ मिलिमीटरची चाळणी
- ट्वीन ८०, एसएलएस (एलआर म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाचं), मऊ केलेलं पाणी
- नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आणि एसएलएसच्या भुकटीसाठी मास्क. ती नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

माती सावलीत पसरून वाळवा, उन्हात नाही. गुठळ्या फोडून चाळा, चांगली कालवा. तेलकट माती एकसारखी नसते, आणि वीस ग्रॅमच्या नमुन्यात एकच तेलाची गुठळी आली तरी सगळे आकडे फिरतात.

लिटरला १० ग्रॅमचं मूळ द्रावण करा. ट्वीन काकवीसारखं घट्ट असतं, म्हणून आधी बरणीतच तोलून कोमट पाण्यात हळूहळू विरघळवा. मिक्सर लावला तर फेसच फेस. मग प्रत्येक बरणीत २० ग्रॅम माती आणि एकूण २०० मिलिलिटर द्रव असं करा:

- नुसतं पाणी
- ०.५ ग्रॅम/लिटर: १० मिलि मूळ द्रावण, १९० मिलि पाणी
- १ ग्रॅम/लिटर: २० आणि १८०
- २ ग्रॅम/लिटर: ४० आणि १६०
- ५ ग्रॅम/लिटर: १०० आणि १००
- १० ग्रॅम/लिटर: मूळ द्रावणच २०० मिलि

प्रत्येकाच्या तीन बरण्या. नुसत्या पाण्याची बरणी वगळू नका. धुण्यात पाण्याच्या घासण्यानेच बरंच तेल सुटतं. ते साबणाच्या खात्यावर मांडलं तर पुढचा खर्च चुकतो.

शेकर असेल तर मिनिटाला १५० फेऱ्यांवर दोन तास. नसेल तर दर दहा मिनिटांनी एक मिनिट हाताने हलवा. नंतर २४ तास स्थिर ठेवा, वरचं पाणी काढून घ्या आणि मातीला साध्या पाण्याने दोनदा खंगाळा, दर खेपेला १०० मिलि. हे खंगाळणं फार महत्त्वाचं आहे. मातीत उरलेला सर्फॅक्टंट हेक्झेनच्या अर्कात उतरू शकतो आणि वजनात तेल म्हणून मोजला जातो. मग ‘साबण वाढवला तसं तेल वाढलं’ असा चक्रावणारा अहवाल हातात येतो.

तपासायला माती द्या, पाणी नव्हे. सुरुवातीला किलोला १२,००० मिलिग्रॅम आणि धुतल्यावर ३,००० असेल तर ७५ टक्के निघालं.

आता सीएमसीबद्दलचा गैरसमज. ट्वीनची सीएमसी लिटरला १५ मिलिग्रॅम आहे म्हणून ५० मिलिग्रॅम पुरेल असं वाटतं. ती सीएमसी स्वच्छ पाण्यातली. माती आपला वाटा आधी घेते. समजा एक किलो माती ५ ग्रॅम ट्वीन शोषते आणि तुम्ही किलोला १० लिटर द्रावण घेतलंय. मग लिटरला ०.५ ग्रॅमच्या बरणीतलं सगळं ट्वीन मातीवरच बसलं, पाण्यात मायसेल करायला काही उरलं नाही. म्हणूनच ०.५ आणि नुसतं पाणी यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात आणि १ किंवा २ ग्रॅमला एकदम उडी दिसते. ही उडी जिथे संपते आणि आलेख आडवा पडतो, ते तुमचं प्रमाण. त्याच्या पुढे टाकलेला प्रत्येक ग्रॅम पुढच्या पायरीत डोकेदुखी होऊन परत येतो.

बरणीकडे नजरही ठेवा. वरचं पाणी कोऱ्या चहासारखं आणि कडेला तेलाची पातळ कड असेल तर ठीक. पाणी दुधासारखं पांढरं होऊन दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर प्रमाण जास्त झालं, तेल पाण्यात कोंडलं गेलंय. माती स्वतःच बसत नसेल, काळा गढूळपणा तसाच लोंबत असेल, तर बारीक कण जास्त आहेत. पायरी ३ वर परत जा.

पायरी ६: बॅरलभर काम, आणि धुतलेल्या पाण्याचं काय

जागा सिमेंटची, चारी बाजूंनी बांध घातलेली, एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे उतार असलेली हवी. सगळ्यात मोठी टाकी फुटली तरी बांधात मावेल असा हिशोब ठेवा. पावसाळ्यात सुरू करू नका. डिसेंबर ते मे हा काळ बरा. उन्हाळ्यात पाणी आपसूक ४० अंशांच्या आसपास तापतं, तेल पातळ होतं आणि लवकर सुटतं. माणसांसाठी मात्र तोच काळ वाईट: हातमोजे, गमबूट, मास्क घालून दुपारी काम नको, सकाळी सहा ते दहा उरकून घ्या.

२०० लिटरच्या बॅरलमध्ये २५ किलो मुरूम आणि १२५ लिटर द्रावण. आधी २० मिलिमीटरच्या जाळीवर दगड वेगळे करून नुसत्या फवाऱ्याने धुवा, त्यांना बहुतेक वेळा साबण लागत नाही. अर्धा तास ढवळा, पंधरा मिनिटं थांबा, वर आलेलं तेल काढा, द्रावण दुसऱ्या बॅरलमध्ये उतरवा. पुन्हा अर्ध्या प्रमाणाच्या द्रावणाने एकदा, मग साध्या पाण्याने दोनदा. एकदाच जोरदार धुण्यापेक्षा दोनदा मध्यम धुणं कमी साबणात जास्त तेल काढतं. काँक्रीटचा मिक्सर वापरणार असाल तर आतलं सिमेंट आधी खरवडून काढा, त्यातला चुना एसएलएस खातो.

वरचं तेल टिपायला इथे चिंध्या आणि कॉटन वेस्ट मुबलक मिळतं. पण तेल लागलं की ती चिंधीही घातक कचऱ्यात मोजली जाते, हे विसरू नका. झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा.

आता पाणी, म्हणजे या कामाचा खरा अवघड भाग. धुतलेलं पाणी नाल्यात किंवा ड्रेनेजमध्ये सोडायचं नाही. जमिनीवरच्या जलस्रोतात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅम आणि सीओडी (पाण्यातला माल रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. सार्वजनिक गटारासाठी तेलाची मर्यादा २०. आणि एक ग्रॅम एसएलएसचं सीओडी सुमारे दोन ग्रॅम भरतं. पाण्यात ५ ग्रॅम उरलं तर तेल धरलं नाही तरी १०,००० मिलिग्रॅम सीओडी, म्हणजे मर्यादेच्या चाळीसपट! बरणीच्या चाचणीत कमीत कमी प्रमाण शोधायचं ते यासाठी.

क्रम असा ठेवा. प्रथम तेच द्रावण दोन-तीन खेपांना पुन्हा वापरा, दर खेपेला वरचं तेल काढून आणि थोडं ताजं घालून. तेल निघण्याचं प्रमाण घसरलं की थांबा. एसएलएसचं द्रावण असेल तर ज्या कॅल्शियमने आधी छळलं तोच इथे कामाला येतो: कॅल्शियम क्लोराइड टाकलं की साबण साका होऊन बसतो आणि तेल मोकळं होतं. ट्वीनचं पाणी जास्त चिवट. तिथे तुरटी, सामू ६ ते ७ ठेवून. किती ते एक-एक लिटरच्या सहा भांड्यांत लिटरला १०० ते १,००० मिलिग्रॅमपर्यंत टाकून पाहा, पाणी जिथे स्वच्छ फुटतं ते प्रमाण घ्या. शेवटी ॲक्टिव्हेटेड कार्बन. एवढं करूनही मर्यादेत बसत नसेल तर पाणी अधिकृत प्रक्रिया केंद्राला द्यावं लागतं, आणि त्याचा दर कामाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

पायरी ७: उरलेली काळी माती

धुता न येणाऱ्या मातीसाठी जिवाणूंचा मार्ग. इथे सर्फॅक्टंटची भूमिका छोटी असते: तेल थोडं मोकळं करून जिवाणूंना घास पोचवणं. प्रमाण वाढवलं तर जिवाणू तेलाऐवजी आधी साबणच खातात किंवा मरतात.

जाड एचडीपीई कागदावर मातीचा ३० सेंटिमीटरचा थर पसरा. हवा खेळण्यासाठी कडब्याचा भुगा किंवा कारखान्याचं बगॅस मिसळा, वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. जास्त घातलं तर नत्र तेच ओढून घेतं. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरा. एका टन मातीत किलोला १०,००० मिलिग्रॅम तेल म्हणजे १० किलो तेल, त्यात साधारण ८.५ किलो कार्बन. त्याला ०.८५ किलो नत्र लागेल, म्हणजे जवळपास १.८ किलो युरिया, आणि स्फुरदासाठी सव्वाचारशे ग्रॅम डीएपी. एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत, पाण्यात विरघळवून. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी सुटू नये, एवढा ओलावा. आठवड्यातून एकदा पालटा, वरून ताडपत्री. डिझेलला काही महिने लागतात, फर्नेस ऑइलला त्याहून पुष्कळ जास्त, आणि त्याचा जड भाग शेवटपर्यंत राहू शकतो.

पायरी ८: कागदपत्रं

हे काम सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी कळवा आणि प्रक्रियेची मान्यता घ्या. नंतर मागायला गेलात तर माती ‘हलवली’ हाच मुद्दा उभा राहतो. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम तेलकट गाळ आणि अवशेषांना लागू होतात, आणि केंद्राने दूषित स्थळांसाठी २०२५ मध्ये वेगळे नियमही काढले आहेत. जवळ ठेवायची फाईल:

- जागेचा नकाशा, खड्ड्यांच्या जागा आणि खोली दाखवून
- एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे आधीचे आणि नंतरचे अहवाल, स्वच्छ मातीच्या अहवालासह
- मंडळाची संमती आणि घातक कचऱ्याची अधिकृती (अर्ज नमुना १)
- रोजची नोंदवही (नमुना ३): तारीख, ढिगाचा क्रमांक, किलो, द्रावण, निघालेला गाळ
- गाळ रवाना केला असेल तर मॅनिफेस्ट म्हणजे कचऱ्यासोबत जाणारं वाहतूक पत्र (नमुना १०)
- रसायनांची बिलं आणि सुरक्षा पत्रकं

मंडळाने मुदत वाढवून दिल्याशिवाय तेलकट गाळ आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पुण्याकडे रांजणगावला सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. तिथलं सदस्यत्व घ्यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिला खड्डा घेण्याआधीच टाका, नाहीतर ड्रम भरून बसतात आणि दिवस मोजायची पाळी येते.

धुतलेली माती परत टाकताना

शेतात टाकू नका. सोडा आणि एसएलएस यांमधला सोडियम मातीत राहिलेला असतो, आणि सोडियम वाढलेली माती पावसात चिखल, उन्हात दगड होते. आवारातल्या भरावासाठी मंडळाच्या मान्यतेने वापरा. त्यातल्या थोड्या मातीवर पाणी ओतून पाहा: फेस आला तर खंगाळणं कमी पडलंय, पुन्हा एकदा साध्या पाण्याने काढा. धुतलेल्या मुरमाचा अहवाल ढिगागणिक हवा, सरासरीचा नको. आणि प्रत्येक ढिगाची एक काचेची बाटली, तारीख आणि क्रमांक लिहून, मंडळाचं अंतिम पत्र हातात येईपर्यंत फ्रीजमध्ये राहू द्या. आकड्यावर शंका निघाली तर पुन्हा तपासायला तेवढीच माती शिल्लक असते.